अण्णांचं विमान

"सामान किती, मॅडम?"

"एक पेटी. ती मागं कार्गोत दिलीय."

"काय आहे पेटीत?"

"माझे वडील."

काउंटरवरच्या मुलीची बोटं थांबली. विशीतली असेल. "सॉरी," ती म्हणाली आणि त्याच दमात पुढे, "फ्लाइटला उशीर आहे. हवामानामुळे."

"किती उशीर?"

"कळवू, मॅडम."

चेन्नईच्या विमानतळाच्या काचांवर पाऊस आडवा आदळत होता. समुद्रातलं वादळ किनाऱ्याकडे सरकत होतं, त्याला कुणीतरी एका फुलाचं नाव दिलं होतं. आई खुर्चीत ताठ बसली होती, मांडीवर अण्णांची शाल. तिच्या शेजारी निवासनाना. आमच्या दुकानाला लागून त्यांचं दुकान. अण्णांचा आणि त्यांचा शेजार माझ्या जन्माच्या आधीपासूनचा.

आम्ही गलाईवाले. जुने दागिने वितळवायचे, त्यातलं हीण काढायचं आणि शुद्ध सोनं सराफाच्या हवाली करायचं, हा धंदा. आमच्या विट्याकडची माणसं या कामासाठी देशभर पसरलीत. अण्णा चौदाव्या वर्षी गाव सोडून चेन्नईच्या एका अरुंद गल्लीत आले आणि भट्टीपुढं बसले ते उठलेच नाहीत. तेजाबाच्या वाफांनी छाती निकामी झाली होती. दवाखान्यात ते शेवटचं सलग बोलले ते एवढंच, "मला इथं जाळू नका. गावाकडं न्या, ओढ्याला. धैर्याला पाणी पाजू दे."

धैर्या म्हणजे धैर्यशील, माझ्या चुलत्याचा, तात्यांचा, धाकटा मुलगा. अण्णांना मी एकटीच. त्यामुळे अग्नी पुतण्यानं द्यायचा हे कधीचंच ठरलेलं होतं. त्याचंच लग्न त्याच आठवड्यात होतं. अण्णांनी लग्नासाठी गाडीचं तिकीट काढलं होतं, फेटा आणला होता, आणि लग्नाच्या आधीच गेले.

मी तात्यांना फोन लावला.

"तात्या, विमानाला उशीर आहे."

"असूं दे पोरी. वादळाम्होरं कुणाचं चालतंय?"

"माणसं जमली असतील ना?"

"जमल्यात. तू त्याचा घोर करू नगंस. आम्ही थांबतो. सावकाश या."

"आणि लग्न?"

"लग्न फुडं ढकाललं. दादापरास लग्न मोठं हाय व्हय? तू वैनींना सांभाळ."

फोन ठेवला तेव्हा माझ्या डोळ्यांत पहिल्यांदा पाणी आलं. दोन दिवस मी फक्त भांडत होते. दवाखान्याशी दाखल्यासाठी, पोलीस ठाण्यात ना हरकतीसाठी, पेटीवाल्याशी पेटीसाठी. एवढ्या सगळ्यांत एकच माणूस मला सावकाश ये म्हणत होता.

"तात्या काय म्हणाले?" आईनं विचारलं.

"सावकाश या म्हणाले. लग्न पुढं ढकललं."

आईनं शालीची घडी मोडून पुन्हा घातली. "भावजी असं म्हणाले?" एवढंच ती बोलली. मला त्या प्रश्नाचा थोडा रागच आला.

फलकावर आमच्या विमानापुढची वेळ बदलत राहिली. दुपारची संध्याकाळ झाली. शेजारच्या रांगेत एक गृहस्थ ओरडत होता, त्याची गोव्याची सुट्टी वाया चालली होती. "आमच्या हॉटेलचं काय? जबाबदार कोण?" काउंटरवरच्या मुलीनं त्याला सांगितलं ते शब्द न् शब्द मला सांगितलेलेच होते. त्याच चालीत. मला त्याच्यापेक्षा तिचा जास्त राग आला, कारण तिच्यासाठी त्याची सुट्टी आणि माझे अण्णा एकाच रांगेत उभे होते. मग फलकावर सगळ्याच विमानांपुढं 'रद्द' उमटलं आणि हॉलमधून एक मोठा सुस्कारा उठला.

आम्ही मागं कार्गोच्या शेडकडे धावलो. पत्र्यावर पावसाचा असा मारा होता की ओरडून बोलावं लागत होतं. तिथल्या माणसानं एका कागदावर शिक्का मारला.

"माल परत घेऊन जा, मॅडम. शेडमध्ये पाणी शिरतंय."

"माल म्हणू नका."

"कागदावर तेच आहे."

"कागद तुमचा आहे. माणूस माझा आहे. काय म्हणायचं ते मी ठरवणार."

"वृंदा," नानांनी दंडाला धरलं. "जाऊं दे. त्याला रोजचंच हाय. पायाकडनं धर पेटी, गाडी लावलीय मी."

पेटीच्या खाली खरंच पाणी आलं होतं. आंब्यांच्या खोक्यांच्या आणि कसल्याशा यंत्राच्या मधोमध अण्णा ठेवलेले. पेटीवर तीर काढला होता, 'ही बाजू वर'. मी, नानांनी आणि दोन हमालांनी ती उचलली. माझ्या चपलेचा अंगठा तुटला. ती तिथंच टाकून मी अनवाणी गाडीत बसले.

ज्या दवाखान्यात अण्णा वारले तिथल्या तळघरात पाणी भरलेलं. शवागार बंद. दुसऱ्या ठिकाणी वीज नाही. तिसऱ्या एका लहान दवाखान्यातल्या डॉक्टरांना नाना कसे कुणास ठाऊक ओळखत होते, त्यांनी जनरेटरवर चालणारा एक कप्पा दिला. "डिझेल आहे तोवर," ते म्हणाले. "जास्त दिवस मी शब्द देत नाही."

वादळ रात्रीतून किनाऱ्यावर आदळलं आणि सकाळी गेलं. झाडं आडवी, रस्त्यांवर होड्या. विमानतळ बंद. मी घरातून विमान कंपनीला फोन लावत बसले. फोनवर आधी सनई वाजायची, मग एक बाई सांगायची की तुमचा फोन आमच्यासाठी महत्त्वाचा आहे, मग पुन्हा सनई. तिचा आवाज इतका गोड होता की मी एकदा उशीच भिंतीवर भिरकावली. दुपारी एक खराखुरा माणूस भेटला.

"मॅडम, पुढल्या आठवड्यात जागा आहेत."

"पुढल्या आठवड्यापर्यंत मृतदेह राहील का हो?"

"मी तुमची भावना समजू शकतो."

"नाही समजू शकत. तुमचे वडील आहेत?"

तो म्हणाला, "आहेत." कळा दाबल्याचा आवाज आला. "उद्या पहाटेपासून पुण्याची पहिली विमानं सोडतायत. दोन जागा आणि पेटी. मी घातलं. कुणाला सांगू नका माझं नाव." नाव त्यानं सांगितलंच नव्हतं.

मी उभी राहून आईला ओरडून सांगितलं, "मिळालं! उद्या!" आणि तात्यांना फोन लावला.

"उद्या?" तात्या म्हणाले.

"हो. दुपारी पुण्यात, संध्याकाळपर्यंत गावात."

"उद्या नगं, पोरी."

"का?"

"पावनं लांबनं यायलेत. बेळगावचं, सुरतचं. समद्यांस्नी दर्शन घडाय पायजे. माझ्या दादाचं असं घाईघाईत करायचं न्हाई मला. परवा सांजच्याला या."

"तात्या, डॉक्टर म्हणतात डिझेल..."

"पैसं लागलं तर सांग. पर परवाच या. ऐक माझं."

मी फोन ठेवला. त्यांची माया मला समजत होती, पण अण्णांचं शरीर पाहुण्यांसाठी थांबणार नव्हतं. पाहुणे दर्शनाला नसले तर नसोत. पुण्याहून गावापर्यंतच्या शववाहिकेचा नंबर तात्यांनीच पहिल्या दिवशी दिला होता. विट्याचा मुजावर म्हणून एक गाडीवाला. म्हटलं, गाडी मोकळी आहे का पाहू, मग तात्यांना परत समजावू.

"ताई, बोला," मुजावर म्हणाला.

"आम्ही उद्याच येतोय. दुपारी पुण्याला याल का?"

"उद्या कसं जमंल? तात्यांनी परवा सांजचं सांगितलंय की."

"मी त्यांच्याशी बोलते. गाडी मोकळी आहे ना?"

"कुठली मोकळी? शववाहिका तर उभीच हाय. पर ड्रायवर मी, आन् मी वऱ्हाडात. माझ्या दोन्ही बाकीच्या गाड्या तात्यांनीच लावल्यात."

"कसलं वऱ्हाड?"

"धैर्यशीलदादांचं. आज हळद, उद्या दुपारी अक्षता. परवा पहाटं सत्यनारायण झाला की मी मोकळा. लगेच पुण्याला निघतो बगा, काय काळजी करू नका."

मी भिंतीला टेकले.

"ताई? ऐकाय येतंय न्हवं?" त्याचा आवाज खाली आला. "तुमच्याशी म्हणून बोललो हां. गावात कुणाला पत्ता लागू द्यायचा न्हाई म्हनल्यात तात्या. मी कुणाफुडं तोंड उघडलेलं न्हाई, आईच्यान."

आमच्याकडे भावकीत माणूस गेलं की सुतक, आणि सुतकात लग्न लागत नाही. पण सुतक ऐकल्यावर लागतं. ऐकलंच नाही तर सुतक नाही. गावात कुणी ऐकलंच नव्हतं. कळवायचं आम्ही तात्यांवरच सोडलं होतं, आणि गल्लीत आमच्या गावचं दुसरं कुणी नव्हतं. माणसं जमली नव्हती, कुणी थांबलं नव्हतं. अण्णा अजून गावात जिवंत होते, फक्त वादळामुळे लग्नाला येऊ शकले नव्हते. आणि मी या माणसाच्या गोड बोलण्यावर विमानतळावर रडले होते.

मी अनवाणी जिना उतरले. नानांना सांगायचं होतं, कुणाला तरी ओरडून सांगायचं होतं. खाली गल्लीत गुडघाभर पाणी आणि इतकी शांतता, की मी शेवटच्या पायरीवर थांबले. आमच्या गल्लीत दिवसा कधी शांतता नसते. भट्ट्यांचे ब्लोअर घरघरत असतात, धुराड्यांतून पिवळा धूर निघत असतो. एकाही दुकानात उजेड नव्हता. नाना फळीवर बसून बादलीनं पाणी उपसत होते.

"वीज नाही का नाना?"

"हाय की. सकाळीच आली."

"मग सगळं बंद का? पाणी शिरलं म्हणून?"

"पाण्यात भट्टी कुठं बंद असती? मागल्या पुरात आम्ही बाकड्यावर बसून गाळलंय सोनं." त्यांनी बादली खाली ठेवली. "तुला कुणी सांगितलं न्हाई व्हय? अण्णाला अग्नी दिल्याबिगर हितं कुणी भट्टी पेटवायची न्हाई. पयल्या दिवशीच ठरलं."

"पण सराफांचा माल अडकला असेल तुमचा."

"आडाकलाय. शिव्या घालाय लागल्यात. घालूंद्यात." त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. "काय झालं गं?"

मी सांगितलं. पाण्यात उभी राहून, मुजावरचा शब्द न् शब्द. नानांनी एक शिवी दिली, अशी की त्यांनी लगेच आजूबाजूला पाहिलं. मग खिशातनं फोन काढला. "थांब, ह्याला आता मीच..."

"नाना, फोन ठेवा." आई जिन्यात उभी होती. तिनं वरून सगळं ऐकलं होतं, कदाचित माझा मुजावरशी फोन झाला तेव्हाच.

"आई, मी आत्ता फोन करते. तात्यांना नाही, सरपंचांना. देवळाच्या भोंग्यावरून सांगायला लावते. बघू कशी हळद लागते!"

"आणि त्या पोरीचं काय?"

"कुठल्या पोरीचं?"

"जिच्या हाताला मेंदी लागलीय तिच्या. तिनं काय केलंय तुझं?"

"आणि अण्णांनी काय केलं होतं?" माझा आवाज गल्लीत घुमला. समोरच्या मजल्यावर एक खिडकी उघडली. "तात्यांचं शिक्षण कुणी केलं? ते घर कुणी बांधलं? त्या घराच्या दारात त्यांना ठेवायला परवापर्यंत जागा नाही?"

"म्हणूनच." आई खाली आली. साडी भिजू नये म्हणून तिनं ती वरही उचलली नाही, तशीच पाण्यात उतरली. "लग्न लागू दे. सुखानं लागू दे. पण ज्या दारात त्यांच्या मरणाची अडचण झाली, त्या दारात मी त्यांना नेणार नाही."

"वैनी," नाना म्हणाले, "अण्णाची इच्छा गावाची होती."

"त्यांना माणसांत जायचं होतं, नाना. ते गावाला माणसं समजत होते." आईचा आवाज एवढ्याच जागी कापला. "तुम्ही किती जण याल?"

नाना पाण्यातून चालत गेले आणि एकेक दार वाजवत सुटले.

मी विमान कंपनीला फोन लावून दोन जागा आणि पेटी रद्द केली. कारण विचारलं. म्हटलं, लिहा काहीही.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघालो. विद्युतदाहिनी पाण्याखाली होती. पलीकडच्या उंचवट्यावर लाकडांवरची जुनी दहनभूमी होती, तिथला राखणदार म्हणाला, लाकडं भिजलीत, पेटणार नाहीत, उद्या या. मग माझ्याकडे आणि आईकडे बोट दाखवून, "आणि बायका इथं येत नाहीत." नानांनी त्याला तमिळमध्ये काय सांगितलं ते मला ऐकू आलं नाही. तो बाजूला झाला.

सगळी गल्ली आली होती. विट्याचे, आटपाडीचे, खानापूरचे. लेंगे गुडघ्यापर्यंत दुमडलेले. ज्यांनी अण्णांकडे काम शिकलं ते, ज्यांच्याशी अण्णा वर्षानुवर्षं बोलत नव्हते तेही. तेजाबानं डागाळलेल्या हातांनी त्यांनी पेटी उघडली, अण्णांना बाहेर घेतलं. मला वाटलं होतं ओली लाकडं धुमसत राहतील आणि त्या धुरात मला रागानं वेड लागेल. पण ही माणसं आयुष्यभर आगीपुढं बसलेली. त्यांनी दुकानातला कोळसा पोत्यांनी आणला होता. लाकडांच्या पोटात कोळशाची पोकळी रचली, कापूर आणि तूप घातलं, एका पोरगेल्या कारागिरानं टेम्पोच्या बॅटरीला ब्लोअर जोडला.

"कोण देणार?" भटजी नव्हतेच, नानांनीच विचारलं.

"मी," मी म्हटलं. कुणीतरी माझ्या हातात मडकं दिलं, नानांनी त्याला मागून भोक पाडलं. मी चितेभोवती फिरले. आई एका बाजूला उभी होती, हात शालीत गुंडाळलेले. शेवटी तिनं ती शालही वर ठेवली.

ब्लोअर घरघरला. कोळसा आधी लाल झाला, मग पिवळा, मग भट्टीतला असतो तसा पांढरा. नाना डोळे बारीक करून पाहत राहिले आणि म्हणाले, "आता धरलं."

घरी आलो तेव्हा गल्लीत एकेक भट्टी पेटत होती.

लग्न त्या दुपारी लागलं असेल. तेव्हापासून मी मनात तात्यांशी बोलत होते. आंघोळ करताना, अस्थी गोळा करताना, दुकानातलं पाणी उपसताना. वाक्य घासून घासून इतकं धारदार झालं होतं की ते बोलून टाकायची घाई झाली होती. पण फोन करायचा नाही असं आईनं बजावलं होतं. "तेच करतील," ती म्हणाली.

त्यांनी दुसऱ्या दिवशी दुपारी केला. मागं टाळमृदंगाचा आवाज येत होता आणि बायकांचं रडणं.

"पोरी, विमानं सुरू झाली न्हवं? टीव्हीवर दावाय लागल्यात."

"झाली."

"मग कवा पोचताय? मुजावर पुण्याच्या वाटंला लागला. गावाला आज सकाळी सांगितलं. लई माणूस जमलंय गं, दारात पाय ठेवाय जागा न्हाई. भजनी मंडळ बसलंय. वड्याला लाकडं रचल्यात. भावकीत सकाळधरनं एकाची चूल पेटलेली न्हाई, बारकी पोरंबी उपाशी हैत. तेवढं लौकर..."

"चुली पेटवायला सांगा, तात्या."

"आँ?"

"मुजावरला परत बोलवा. अण्णांना आम्ही इथं अग्नी दिला. अक्षता पडत होत्या त्या दिवशी."

मृदंग चालूच होता.

"कुणी दिला?"

"मी."

"पर... अगं, मी समद्या गावाला सांगितलंय!" ते कुजबुजायला लागले, कुणी ऐकू नये म्हणून आडोशाला गेले असावेत. "आमदाराचा मानूस येऊन बसलाय. चारशे मानूस दारात हाय. धैर्यानं डोई भादरून घेतलीय, त्याची नवी नवरी कोपऱ्यात रडत बसलीय. त्यांस्नी काय सांगू मी? वादळाचं सांगू? विमान आडाकलं म्हणून सांगू?"

माझी सगळी वाक्यं तोंडाशी आली. शिक्षणाचं, घराचं, 'सावकाश या'चं. इतकी एकदम, की पहिलं कुठलं ते ठरेना.

आई स्वयंपाकघराच्या दारात आली. तिनं फोन मागितला नाही.

"ठेव आता," ती म्हणाली. "माणसं खोळंबलीत त्यांची."